लाइटपाथ बसवायला जेनेटिक अल्गोरिदम: कामाचा की नुसता थाट?

लखलख:
ऑप्टिकल नेटवर्कच्या (फायबरमधून प्रकाशानं डेटा नेणाऱ्या जाळ्याच्या) नियोजनात जेनेटिक अल्गोरिदम (पुढे जीए; चांगल्या उत्तरांची सरमिसळ करत पिढ्यान्‌पिढ्या शोधणारी पद्धत) सर्रास वापरावा, असं माझं मत. प्रश्न असा: प्रत्येक डिमांडला (दोन नोडमधल्या जोडणीच्या मागणीला) मार्ग आणि तरंगलांबी (प्रकाशाचा रंग) द्यायची; दोन्ही मिळून तिचा लाइटपाथ. तरंगलांबी वाटेत बदलता येत नाही, आणि एका फायबरवर ती एकाच लाइटपाथला मिळते. १४ नोडच्या जाळ्यात ९१ जोड्या. जोडीमागे ३ मार्ग धरले तरी मार्गांच्याच निवडी १ वर ४३ शून्यांच्या पुढे जातात. म्हणून क्रोमोसोम (एका उत्तराची नोंद) म्हणजे ९१ आकडे, प्रत्येक १ ते ३. पॉप्युलेशन (एका पिढीतली उत्तरं) १००, पिढ्या २००, म्यूटेशनचा (एखादा आकडा सहज बदलण्याचा) दर १/९१. फिटनेस (उत्तराचे गुण) म्हणजे एकूण किती तरंगलांबी लागल्या. मूल्यमापनं २०,०००, एकाला ५ मिलिसेकंद धरले तर दोन मिनिटांच्या आत उत्तर हातात.

उलटतपासणी:
उत्तर हातात, पण ते चांगलं की बरं हे कसं ठरवलंत? आधी खालची मर्यादा काढा. जाळ्याचे ७-७ नोडचे दोन भाग पाडा. पलीकडे जाणारे डिमांड ४९. मधे लिंक ४ असतील तर ४९ भागिले ४ म्हणजे १२.२५, म्हणजे १३ च्या खाली कोणाचाच अल्गोरिदम जाणार नाही. पाठकोऱ्या कागदावरचं काम आहे हे. जीएने १३ दिले तर तिथेच थांबा, उरलेल्या पिढ्या फुकट. १७ दिले तर तो कुठेतरी अडकलाय, किंवा जाळ्याचे दोन भाग पाडणारा दुसरा एखादा छेद याहून कडक आहे. दोन्ही तपासल्याशिवाय १७ ला ‘इष्टतम’ म्हणू नका.

आणि तुमच्या फिटनेसमध्येच गोम आहे. १७ तरंगलांबींची ढिगानं उत्तरं असतात, सगळ्यांना सारखेच गुण. निवड करायची कशावर? माळरानावर चढ शोधण्यातला प्रकार.

लखलख:
माळरानाचं मान्य. दुय्यम गुण जोडतो: प्रत्येक लिंकवरच्या लाइटपाथच्या संख्येचा वर्ग, आणि त्यांची बेरीज. गर्दीच्या लिंकला जबर दंड बसतो, त्यामुळे १७ वाल्यांतही उजवं-डावं करता येतं. पण पर्याय काय, आयएलपी (पूर्णांकी चलांची रेषीय मांडणी, जी सॉल्व्हर नावाचा प्रोग्रॅम सोडवतो)? ८० चॅनल (म्हणजे ८० तरंगलांबी) घ्या. रंगांची नुसती अदलाबदल केली की तेच उत्तर ८० फॅक्टोरियल वेशांत समोर येतं, आणि सॉल्व्हर प्रत्येक वेश नवा समजून चाचपत बसतो.

उलटतपासणी:
हा दोष आयएलपीचा नाही, मांडणीचा. ‘ही डिमांड या रंगावर’ असे चल घेतलेत तर ते होणारच. त्याऐवजी एकाच तरंगलांबीवर एकत्र नांदू शकणाऱ्या लाइटपाथचा संच हा एक स्तंभ धरा आणि कॉलम जनरेशन (लागतील तसेच स्तंभ जोडत जाण्याची पद्धत) लावा. रंगांची नावंच उरत नाहीत, आणि शिवाय खालची मर्यादाही मिळते. जीए ती कधीच देत नाही.

क्रमवार:
दोघंही मार्ग कोडण्यावर अडलात. डिमांडचा क्रम कोडा. मार्ग आणि तरंगलांबी फर्स्ट-फिटला (पहिली मोकळी जागा घेणाऱ्या साध्या नियमाला) शोधू द्या. ज्या डिमांडला जागा मिळाली नाही ती सरळ मोजली जाते, अवैध उत्तर दुरुस्त करत बसावं लागत नाही. मात्र साधा एकबिंदू क्रॉसओव्हर (दोन पालक-उत्तरं एका जागी कापून जोडणं) इथे चालत नाही. १ २ ३ ४ ५ आणि ४ ५ १ २ ३ हे दोन पालक दुसऱ्या आकड्यानंतर कापा: मूल १ २ १ २ ३. पहिल्या दोन डिमांड दोनदा, ४ आणि ५ गायब! ऑर्डर क्रॉसओव्हर वापरा: पहिल्याचे १ २ ठेवा, बाकीचे दुसऱ्याच्या क्रमानं भरा, म्हणजे १ २ ४ ५ ३. सुरुवातीच्या पॉप्युलेशनमध्ये ‘लांबचे आधी’ हा क्रम मुद्दाम टाका. शेवटी जीए त्याच्याच पुढे गेला नाही तर सगळी खटपट कशासाठी?

डेसिबलदास:
चौघांत फायबरची आठवण मलाच आली म्हणायची. ८० किलोमीटरचा स्पॅन (दोन ॲम्प्लिफायरमधला तुकडा), ०.२ डीबी प्रति किलोमीटर, म्हणजे १६ डीबी तोटा. ॲम्प्लिफायरची नॉइज फिगर (त्यानं घातलेल्या नॉइजचं माप) ५ डीबी, चॅनलची पॉवर ० डीबीएम, स्पॅन १०: ५८ − १६ − ५ − १० = २७ डीबी ओएसएनआर (सिग्नल आणि नॉइजचं गुणोत्तर), ०.१ नॅनोमीटर रुंदीत; ५८ हा सूत्रातला स्थिरांक, शेवटचे १० डीबी १० स्पॅनचे. पॉवर १ डीबी वाढवली की हा आकडा १ डीबी सुधारतो, पण नॉनलिनिअर नॉइज (जास्त पॉवरमुळे फायबरमध्येच उपजणारा) ३ डीबी वाढतो. असा व्यस्त हिशोब आला की पार्टिकल स्वॉर्मसारख्या (उमेदवार उत्तरांचा थवा सोडून शोधणाऱ्या) पद्धतींना पर्याय नाही.

उलटतपासणी:
आहे की. जीएन मॉडेलमध्ये (नॉनलिनिअर नॉइज मोजायच्या सूत्रांत) नॉनलिनिअर नॉइज ॲम्प्लिफायरच्या नॉइजच्या निम्मा होतो तिथे पॉवर इष्टतम. प्रत्येक स्पॅनपुरतं हे सूत्रानं निघतं. थवे कशाला सोडायचे?

डेसिबलदास:
बरं, मग रामन पंप (फायबरमध्येच सिग्नल वाढवणारे लेझर) घ्या. ४ पंप, प्रत्येकाची तरंगलांबी आणि पॉवर असे ८ चल, आणि कमी तरंगलांबीचे पंप आपली ऊर्जा जास्त तरंगलांबीच्या पंपांना देत राहतात. सपाट गेन (सगळ्या चॅनलना सारखी वाढ) हवा तर एक पंप हलवला की बाकीच्या तिघांचं गणित बिघडतं. इथे सूत्र दाखवा.

उलटतपासणी:
सूत्र नाही. पण पंप लेझरची तरंगलांबी खरेदीच्या वेळीच ठरून येते. बसवल्यावर फक्त ४ पॉवर उरतात, आणि त्यांना ग्रेडियंट (उताराच्या दिशेनं सरकत जाण्याची साधी पद्धत) पुरतो. डिझाइनच्या टप्प्यावर कोणत्या तरंगलांबीचे लेझर उचलायचे, तिथे जीए मंजूर. तिथेही ३० वेगवेगळ्या सीडनं (यादृच्छिक सुरुवातींनी) चालवा आणि मध्यक व सर्वांत वाईट निकाल द्या, सर्वांत छान एकटाच नको.

लखलख:
३० सीड मंजूर. लाइटपाथचा क्रम लावण्यातून मात्र जीए काढणार नाही. क्रमवार म्हणतात त्या फर्स्ट-फिटशी तुलना करूनच मांडेन.