सल्ला हवा: मायक्रोचॅनलमधल्या मिक्सिंगचं सिम्युलेशन कशात करू?

माटुंगा स्टेशन
नमस्कार. मुंबईत केमिकलमध्ये एम.टेक. करतोय. प्रोजेक्ट असा आहे: पीडीएमएसच्या (पारदर्शक सिलिकोन रबर) चिपमध्ये टी आकाराचा चॅनल, २०० मायक्रोमीटर रुंद, १०० खोल, २० मिलिमीटर लांब. एका बाजूने साधं पाणी, दुसऱ्या बाजूने फ्लुओरेसीन (चमकणारा रंग) घातलेलं पाणी, दोन्हीकडे सिरिंज पंप मिनिटाला ६ मायक्रोलिटरवर. मायक्रोस्कोपखाली शेवटपर्यंत दोन पट्टे वेगळे दिसतात, मधली सीमा तेवढी पसरट होत जाते. सिम्युलेशनमध्ये मात्र ५ मिलिमीटरमध्येच सगळं एकजीव! रोज बदलापूरहून ये-जा असल्यामुळे लॅबच्या मशीनवर फार बसता येत नाही. घरच्या १६ जीबीच्या लॅपटॉपवर कोणतं सॉफ्टवेअर वापरावं: ओपनफोम, कॉम्सॉल की फ्लुएंटची विद्यार्थी आवृत्ती? आणि टूडी (खोली न धरता) पुरेल का?

ऐरोलीकर
सॉफ्टवेअरचं नंतर बघू. मेश (चॅनलचे बारीक तुकडे, म्हणजे सेल) कसली आहे आणि कॉन्सन्ट्रेशनसाठी स्कीम (सेलच्या सीमेवरचा आकडा काढायची पद्धत) कोणती लावली आहेस?

माटुंगा स्टेशन
टेट्रा (चार पृष्ठांचे तुकडे), सेल साधारण ५ मायक्रोमीटरचे. फर्स्ट ऑर्डर अपविंड, म्हणजे सीमेवर प्रवाह येतो त्या बाजूच्या सेलचाच आकडा.

ऐरोलीकर
मग हे मिक्सिंग बरंचसं मेशनेच केलंय. आकडे मांडून बघ. दोन्ही पंप मिळून मिनिटाला १२ मायक्रोलिटर, म्हणजे सरासरी वेग सेकंदाला १० मिलिमीटर. फर्स्ट ऑर्डर अपविंड स्वतःचं खोटं डिफ्यूजन (रंगाचं आपोआप पसरणं) घुसवतं. त्याचं माप ढोबळमानाने वेग गुणिले सेलची लांबी भागिले दोन. १०,००० × ५ ÷ २ = २५,००० चौरस मायक्रोमीटर प्रति सेकंद. पाण्यात फ्लुओरेसीनचं खरं डिफ्यूजन ४००च्या आसपास असतं. म्हणजे साठपट! प्रवाह मेशला तिरका जातो तेव्हा हे खोटं डिफ्यूजन आडवं पसरतं, आणि टेट्रामध्ये तो जवळपास सगळीकडे तिरकाच जातो.

खरं काय व्हायला हवं? पाणी चिपमधून २ सेकंदांत बाहेर पडतं. तेवढ्या वेळात रंग साधारण ४० मायक्रोमीटर सरकेल. तुझ्या मायक्रोस्कोपमध्ये दिसतंय ते याच्याशी जुळतं. पूर्ण एकजीव व्हायला अर्ध्या रुंदीचा वर्ग भागिले ४००, म्हणजे २५ सेकंद हवेत. या वेगाला ते पाव मीटर लांबीचं चॅनल झालं. रेनॉल्ड्स संख्या (प्रवाहाचा जोर विरुद्ध चिकटपणा) १च्या आसपास आहे, भोवरे नाहीत, ढवळायला कोणीच नाही.

आज रात्री एवढंच कर: डिफ्युझिव्हिटी (तो ४००चा आकडा) शून्य ठेवून तीच केस चालव. तरीही रंग मिसळला तर मला वेगळं काही सांगायची गरज नाही.

पवईची मेघा
ऐरोलीकरांशी पूर्ण सहमत. साधनाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ओपनफोम, ते फुकट आहे. कॉम्सॉलचा परवाना कॉलेजचा असेल तर सोयीचं आहे, पण घरून काम करायचं तर ते अवघड. विद्यार्थी आवृत्त्यांमध्ये सेलच्या संख्येला मर्यादा असते आणि तुझ्या प्रश्नात सेलच सगळं ठरवतात. सुरुवातीला अडखळायला होतं, पण आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ओपनफोमवरचं साहित्य आणि स्पोकन ट्युटोरियल फुकट आहेत. ते नीट बसून बघ.

काम दोन टप्प्यांत कर. रंगामुळे पाण्याची घनता किंवा स्निग्धता बदलत नाही असं धरता येतं, म्हणून आधी ओपनफोममधल्या सिम्पलफोममध्ये प्रवाह लॅमिनार (भोवऱ्यांविना) ठेवून वेग काढ. मग तोच वेग गोठवून स्केलरट्रान्सपोर्टफोमने कॉन्सन्ट्रेशन. मेश ब्लॉकमेशने विटांसारखी, प्रवाहाच्या दिशेत बसवलेली. लांबीत १,००० सेल, रुंदीत ८०, अर्ध्या खोलीत २०: एकूण १६ लाख. १६ जीबीत निभावेल, रॅम वाढवायला लॅमिंग्टन रोड गाठू नकोस. स्कीम लिमिटेडलिनिअर किंवा व्हॅनलीअर, दोन्ही खोटं डिफ्यूजन कमी ठेवतात.

दादर पूर्व
अर्धी खोली म्हणजे वर-खाली सिमेट्री, बरोबर? टूडीचं उत्तर कुणी दिलंच नाही.

पवईची मेघा
हो, सिमेट्री. टूडी नको, आणि त्याचं कारण मला फार आवडतं. छताजवळ आणि तळाशी वेग जवळजवळ शून्य असतो, तिथे रंगाला आडवं सरकायला जास्त वेळ मिळतो. खोलीच्या मध्यावर पट्ट्याची रुंदी अंतराच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते, भिंतीलगत घनमुळाप्रमाणे. त्यामुळे काटछेदात सीमा मध्ये बारीक आणि वर-खाली रुंद दिसते. साधा मायक्रोस्कोप वरून बघतो, त्याला सगळ्या थरांची बेरीज दिसते. टूडी निकाल त्या फोटोशी लावलास तर तुलनाच चुकीची होईल. थ्रीडीतून खोलीची सरासरी काढ आणि मग फोटोशेजारी ठेव.

माटुंगा स्टेशन
शून्य ठेवून चालवलं. तरीही ५ मिलिमीटरपाशी एकजीव! ब्लॉकमेशला लागलोय. पुढच्या सेमिस्टरला तळाशी हेरिंगबोन (माशाच्या काट्यासारख्या तिरक्या) खाचा घालायच्या आहेत, तिथेही हीच मेश चालेल का? दोघांचेही मनापासून आभार.

ऐरोलीकर
तिथे सरळ मेशचा फायदा संपतो, कारण खाचा प्रवाहाला पीळ देतात. २००२मध्ये स्ट्रूक आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये हा मिक्सर मांडला. पेक्ले संख्या (डिफ्यूजनच्या तुलनेत प्रवाह किती जोरात) सुमारे २ हजारांवरून ९ लाखांवर गेली तरी ९० टक्के मिक्सिंगला लागणारी लांबी ०.७ सेंटीमीटरवरून १.७ सेंटीमीटरपर्यंतच वाढली. पट्टे वारंवार ताणले, दुमडले जातात आणि इतके पातळ होतात की कोणतीही परवडणारी मेश ते पकडू शकत नाही.

म्हणून वेग मेशवर काढ, रंग मात्र कणांनी. हजारो कण सोड, प्रत्येकाला प्रवाहाबरोबर पुढे ने आणि दर पावलाला प्रत्येक दिशेत एक यादृच्छिक धक्का दे. १ मिलिसेकंदाच्या पावलाला तुझ्या फ्लुओरेसीनसाठी तो धक्का साधारण ०.९ मायक्रोमीटरचा. यात रंगासाठी मेशचं खोटं डिफ्यूजन येत नाही. कण आत सोडताना सगळीकडे सारखे पेरू नकोस. जिथे वेग जास्त तिथे जास्त, प्रवाहाच्या प्रमाणात. नंतर कणांची संख्या दुप्पट करून निकाल हलतो का ते तपास.