परस्पर मूल्यमापनाचे प्रशिक्षण: परिणामकारकता कशी जोखायची?

प्रश्न
नमस्कार. मी बरीच वर्षे बँक तपासणीच्या कामात आहे. इतर देशांच्या मनी लाँड्रिंगविरोधी यंत्रणेचे मूल्यमापन करणारे मूल्यमापक एफएटीएफच्या (याबाबतचे जागतिक निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या) पद्धतीनुसार तयार केले जातात, त्या प्रशिक्षणासाठी माझे नाव सुचवले गेले आहे. तिच्या ४० शिफारशी मी वाचून काढल्या आणि त्या समजल्याही. पण परिणामकारकतेच्या ११ निकषांपाशी अडलो आहे. कायद्यात तरतूद आहे की नाही, हे कलमावर बोट ठेवून सांगता येते. परंतु ती प्रत्यक्षात राबते का, हे परक्या देशात दोन-तीन आठवड्यांच्या मुक्कामात कसे ठरवायचे?

उत्तर १
प्रशिक्षणाचा खरा कस तिथेच लागतो. आम्हाला एका काल्पनिक देशाची कागदपत्रे आधी वाचायला दिली होती आणि नंतर त्या देशाचे ‘अधिकारी’ म्हणून बसलेल्यांच्या मुलाखती घ्यायला लावल्या. वर्षाला संशयास्पद व्यवहारांचे किती अहवाल येतात, असे मी विचारले, मिळालेला आकडा वहीत उतरवला आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलो. प्रशिक्षकांनी तिथेच थांबवले: त्यांतले किती तपास यंत्रणेकडे गेले, त्यातून एखादा तरी तपास उभा राहिला का, मालमत्ता जप्त झाली का? माझ्या वहीत आकड्यापुढे कोरी जागा होती. ती जागा भरणारे प्रश्न आधीच लिहून न्यावेत आणि त्यांची सुरुवात त्या देशाच्या जोखमीपासून करावी, कारण जिथे पैसा मुख्यतः सोन्यातून फिरतो तिथे सराफांवरची देखरेख दुबळी असेल, तर बँकांची चोख केवायसी (ग्राहकाची ओळख पडताळणी) ती उणीव भरून काढत नाही.

उत्तर २
भारताचा २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला मूल्यमापन अहवाल सावकाश वाचा. ४० पैकी ३७ शिफारशींना वरच्या दोन श्रेणी मिळाल्या, तरी परिणामकारकतेच्या ११ निकषांपैकी एकालाही सर्वोच्च श्रेणी नाही. ६ ना त्याखालची आणि ५ ना मध्यम मिळाली. आर्थिक गुन्ह्यांच्या तपासाची दखल घेतानाच, मनी लाँड्रिंगविरोधी कायद्याला दिलेली घटनात्मक आव्हाने आणि न्यायालयांतील तुंबलेली प्रकरणे यांमुळे खटले निकाली निघत नाहीत, हे त्यात कारणांसह मांडले आहे. कारण शोधून ते पुराव्यानिशी लिहिणे हेच मूल्यमापकाचे काम आहे, असे मला मनापासून वाटते. नुसती श्रेणी देऊन कुणाचेच भले होत नाही.

उत्तर ३
वरील दोघांशी सहमत आहे, मात्र कागदाला कमी लेखू नका. ग्राहकाची ओळख पटवण्याचे मूळ बंधन कायद्यातच असावे लागते. ते केवळ मार्गदर्शक सूचनेत असेल, आणि ती मोडणाऱ्याला दंडही होत नसेल, तर बँका ती कितीही निष्ठेने पाळत असल्या तरी तांत्रिक श्रेणी, म्हणजे कायदे-नियम शिफारशींशी किती जुळतात याची श्रेणी, घसरते. तुम्ही तपासणीतून आला आहात, त्यामुळे ‘बँका पाळतात ना, मग झाले’ असा कौल मनात चटकन तयार होईल. पथकातील कायदेतज्ज्ञ तिथे अडवतील. त्या वेळी त्यांचे पूर्ण ऐकून घ्या, कारण अहवालाचा मसुदा हाती पडल्यावर त्या देशाचे अधिकारी नेमक्या त्याच वाक्यावर आक्षेप घेतील आणि उत्तर तुम्हालाच द्यावे लागेल.