मदत हवी आहे : बाबांना तंजावरचा मराठी शिलालेख वाचायचाय

नमस्कार मंडळी,

जानेवारीअखेरीस आई-बाबांना घेऊन तंजावरला जायचं चाललंय. बाबा ७८ वर्षांचे, मराठीचे निवृत्त शिक्षक. बाकी काही बघायचं राहिलं तरी त्यांची तक्रार नाही, पण तिथल्या बृहदीश्वराच्या देवळाच्या आवारातला भोसल्यांचा शिलालेख स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचा, हे कित्येक वर्षांपासून त्यांच्या मनात आहे. तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी यांनी १८०३ साली आपल्या घराण्याचा अख्खा इतिहास तिथे मराठीत कोरून घेतला. देऊळ राजराज चोळाचं, १०१० च्या सुमारास पुरं झालेलं, आणि त्याच्या नैऋत्य बाजूच्या भिंतींवर आपल्या भोसल्यांची हकिकत! बाबांनी त्याचे फोटो मिळवून मोठे छापून घेतलेत. जेवणं झाली की भिंग घेऊन बसतात आणि एकेक ओळ लावतात. काही ठिकाणी फोटोत उन्हाची तिरीप आल्यामुळे अक्षरंच दिसत नाहीत. तिथे त्यांनी पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्हं काढून ठेवलीत. ती सगळी प्रश्नचिन्हं तिथे जाऊन सोडवायची आहेत.

एका टूरवाल्याकडे विचारून आले. त्यांच्याकडे सकाळी तिरुची, दुपारून तंजावर, मुक्काम कुंभकोणमला. मोठ्या देवळाला तास-सव्वा तास. एवढ्यात बाबांचं काय होणार? म्हणून आमचं आम्हीच जायचं ठरवलंय.

अडचणी अशा. बाबांच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सलग उभं राहणं जमत नाही. आत घडीचं स्टूल नेऊ देतात का? फरशीवर अनवाणी चालावं लागेल, तर कोणती वेळ बरी? मुक्काम तिरुचीला करावा की तंजावरला? तिरुचीला विमानतळ आहे, हॉटेलंही जास्त, पण रोज साधारण ६० किलोमीटर जाणं आणि तेवढंच येणं होईल. शिवाय आम्हा तिघांनाही तमिळचा गंध नाही.

आणखी एक. तंजावरच्याच सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) आहेत आणि बाबांना मोडी चांगली येते. बाहेरच्या माणसाला त्यातलं काही बघायला मिळतं का? आई डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स होती. सरफोजीराजांच्या वेळच्या नेत्ररुग्णांच्या नोंदी, डोळ्यांच्या चित्रांसकट, तिथे जपलेल्या आहेत हे वाचल्यापासून तीही आता बाबांच्या बरोबरीने उत्साहात आहे.

ज्यांनी आई-वडिलांना घेऊन ही सहल केलीय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद

ताई, मुक्काम तंजावरलाच करा, दुसरा विचार नको. देऊळ दुपारी बंद असतं. तिरुचीहून आलात तर ते मधले तास वडीलधाऱ्यांना घेऊन कुठे बसणार? गावातच खोली असली की सकाळी लवकर जायचं, जेवून आडवं व्हायचं, आणि चारनंतर पुन्हा यायचं. आवार प्रचंड आहे आणि सगळी दगडी फरशी. ऊन चढलं की जानेवारीतसुद्धा पाय भाजतात. जाड मोजे जवळ ठेवा.

शिलालेख एका जागी उभं राहून वाचून होत नाही. फार मोठा आहे, भिंतीच्या कडेने पुढे सरकत राहावं लागतं. त्यामुळे एका बैठकीत संपवायचा हट्ट नको, दोन-तीन सकाळी ठेवा. आम्ही माझ्या सासऱ्यांसाठी हलकं स्टूल नेलं होतं. दाराशी सांगितल्यावर कोणी अडवलं नाही, पण गर्दीच्या दिवशी काय करतील याची हमी मी देणार नाही. तुम्ही पोंगल (तिकडची संक्रांत) टाळताय हे उत्तम. मट्टू पोंगलला तिथल्या भल्यामोठ्या नंदीला फळाभाज्यांनी सजवतात, बघण्यासारखं असतं, पण त्या गर्दीत वाचन होणं नाही.

भाषेचं टेन्शन घेऊ नका. रिक्षावाल्याला बृहदीश्वर न सांगता ‘पेरिय कोविल’ (मोठं देऊळ) म्हणा, राजवाड्याला ‘अरण्मनै’. एवढ्यावर आमचं भागलं.

प्रतिसाद

ग्रंथालयाबद्दल लिहितो. पर्यटकांसाठी आहे ते राजवाड्याच्या आवारातलं छोटं संग्रहालय. काचेच्या पेट्यांतून निवडक वस्तू मांडलेल्या असतात, सगळा संग्रह नव्हे. मूळ कागद पाहायचे असतील तर आधी लेखी अर्ज करून परवानगी घ्या. काकांनी कोणता विषय बघायचाय हे नेमकं लिहावं. मोडी वाचणारी माणसं आता कमी राहिलीत, तेव्हा त्यांनी स्वतःचा अनुभव अर्जात जरूर नमूद करावा. काकूंसाठी नेत्ररुग्णांच्या नोंदींचाही उल्लेख त्याच अर्जात करून टाका.

आणि हा शिलालेख ग्रंथालयाने छापलेलाही आहे. छापील प्रत हातात असली तर भिंतीवर झिजलेली अक्षरं लावणं खूप सोपं जातं. माझा आग्रह आहे की काकांनी आधी भिंतीवरून वाचावं आणि मग प्रतीशी ताडून बघावं. त्यांनी इतकी मेहनत घेतलीय, तो आनंद त्यांना पुरेपूर मिळू दे.

राजवाड्यातला मराठा दरबार चुकवू नका. रंगवलेले खांब आणि भिंती अजून पाहता येतात. शेजारच्या कलादालनात चोळांची कांस्यशिल्पं आहेत, तिथे मात्र घाई करू नका.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. बाबांना वाचून दाखवलं. अर्जाचा मसुदा त्यांनी लगेच लिहायला घेतलाय, आधी मराठीत, मग मी इंग्रजीत करून देणार. मुक्काम तंजावरलाच. चेन्नईपर्यंत विमान आणि पुढे रात्रीची रेल्वे असं करतोय, खालचे बर्थ मिळाले तर.

गंगैकोंडचोळपुरमचं चोळांचं देऊळ यादीतून काढलं, फार ओढाताण होईल. कुंभकोणमजवळच्या दारासुरमचं ऐरावतेश्वराचं देऊळ मात्र ठेवायचंय, रथासारखा मंडप आणि त्याची दगडी चाकं आईला बघायची आहेत. त्यासाठी तंजावरहून दिवसभराची गाडी करावी, की कुंभकोणमपर्यंत रेल्वेने जाऊन पुढे रिक्षा? स्टेशनवरचे जिने आणि बाबांचा गुडघा, दोन्ही लक्षात घेऊन सांगा.