फुंकल्याशिवाय गाडी सुरू होणार नाही म्हणता? आधी आपल्याकडच्या गाड्या पाहा

मॅग्नेट कॉइल, आर्णी

परवा इथे एकाने लिहिलं की, "अमेरिकेसारखं करा. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल दोषी ठरला की त्याच्या गाडीला इंटरलॉक लावा. फुंकल्याशिवाय गाडी सुरूच होणार नाही, विषय संपला." खाली बऱ्याच जणांनी अंगठेही दिले. विषय संपत नाही भाऊ. काहून ते नीट सांगतो.

इंटरलॉक म्हणजे श्वासातली दारू मोजून गाडी सुरू होऊ देणारं कुलूप. कारमध्ये त्याचा रिले (विजेवर चालणारा स्विच) बसतो चावी आणि स्टार्टरच्या मधे. फुंकलं, अल्कोहोल ठरलेल्या आकड्याखाली निघालं, की रिले जोडला जातो आणि सेल्फ फिरतो. इंजिन एकदा सुरू झालं की मात्र यंत्र ते बंद करत नाही. ते मुद्दाम तसंच ठेवलंय, नाहीतर भर रस्त्यात गाडी बंद पडून मागचा ट्रक अंगावर यायचा. चालत्या गाडीत ते अधूनमधून पुन्हा फुंकायला सांगतं. नाही फुंकलं तर हॉर्न वाजवतं, लाइट उघडझाप करतं आणि नोंद ठेवतं.

आता आपला बाजार पाहा. आठवडी बाजारातून झिंगून निघणारा माणूस शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीवर असतो आणि तिला किक असते. सेल्फची वायर तोडली तरी किकने गाडी चालू. म्हणजे कुलूप इग्निशनवर घालावं लागेल. जुन्या एसी सीडीआयच्या (ठिणगी पाडणारं सर्किट मॅग्नेटवर चालणाऱ्या) गाडीला स्पार्कसाठी बॅटरी लागतच नाही, मॅग्नेटची कॉइल करंट देते. चावी बंद केली की किल वायर (इंजिन बंद करणारी तार) अर्थ होते, एवढंच. इंटरलॉकने तीच वायर अर्थ करून ठेवली, तर हेडलाइटच्या डोममध्ये हात घालून एक कनेक्टर सोडला की कुलूप उघडलं. पानाही लागत नाही. डीसी सीडीआयमध्ये, म्हणजे ठिणगी बॅटरीवर चालते तिथे, चावीतून येणाऱ्या 12 व्होल्टच्या वायरीत कट देता येतो, पण बॅटरीवरून सरळ एक वायर टाकली की तोही गेला. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 इंजेक्शनच्या गाड्यांत ईसीयूलाच (इंजिनच्या कॉम्प्युटरलाच) थांबवता येईल, पण ते कंपनीने आतून द्यायला पाहिजे. बाहेरून मिस्त्रीने करायचं काम नाही ते.

ट्रॅक्टरचं तर विचारूच नका. मेकॅनिकल डिझेल पंप आणि ओढायची स्टॉप केबल असलेला ट्रॅक्टर उतारावर गिअरमध्ये सोडला की सुरू. डिझेलच्या लाइनीत सोलेनॉइड (विजेने उघडझाप होणारा व्हॉल्व्ह) घातला, तर त्याची वायर तुटल्यावर नांगरटीच्या मधेच ट्रॅक्टर उभा राहील, आणि कास्तकार तो सोलेनॉइड पहिल्याच दिवशी काढून फेकेल. त्यात त्याची चूक मी म्हणणार नाही.

काळी-पिवळी स्टँड, पांढरकवडा

दुचाकीला जमत नाही म्हणून कुठेच नको, हे मला पटत नाही. तुम्ही वायरिंग बरोबर सांगितलं, पण निष्कर्ष चुकीचा काढला.

फिनलंडमध्ये 2011 पासून शाळेच्या मुलांची ने-आण करणाऱ्या गाड्यांना हे यंत्र सक्तीचं आहे. फ्रान्सने 2015 पर्यंत सगळ्या मोठ्या प्रवासी बसमध्ये बसवायला लावलं. तिथे गुन्हा होण्याची वाट पाहिलीच नाही. आपल्याकडे एका काळी-पिवळीत (भाड्याच्या सवारी जीपमध्ये) किती माणसं कोंबलेली असतात ते सगळ्यांना दिसतं. स्कूल व्हॅन, काळी-पिवळी, लग्नाच्या वऱ्हाडाच्या बस, सगळ्या सेल्फवर चालतात आणि सगळ्यांना दरवर्षी-दोन वर्षांनी पासिंगला आरटीओकडे यावंच लागतं. कुलूप तपासायला वेगळी यंत्रणा लागत नाही.

आणि परिणाम होत नाही असं म्हणू नका. अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्य संस्था सांगते की यंत्र गाडीत असेपर्यंत पुन्हा तोच गुन्हा होण्याचं प्रमाण सुमारे 70 टक्क्यांनी घटतं. न्यू मेक्सिकोने 2005 मध्येच पहिल्या गुन्ह्यालाही ते सक्तीचं केलं.

मॅग्नेट कॉइल, आर्णी

"यंत्र गाडीत असेपर्यंत" हे तीन शब्द तुम्हीच लिहिले. काढलं की फायदा ओसरतो, हेही त्याच अभ्यासांत आहे. कुलपाने सवय सुटत नाही.

पांढरकवड्यात धक्का स्टार्ट काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. चार प्रवासी उतरले, ढकललं, दुसऱ्या गिअरवर क्लच सोडला, जीप सुरू. सेल्फवरचं कुलूप तिथेच कामातून गेलं. वरून आपलं ऊन. मे महिन्यात ब्रह्मपुरी-अकोल्यात पारा 45 च्या पुढे असतो, बंद गाडीच्या डॅशबोर्डवर त्याहून कितीतरी जास्त. सेन्सर महिनाभरात भलतं दाखवेल.

सिम्युलेटर 34, अमरावती

कॅलिब्रेशनचं, म्हणजे यंत्राचा आकडा तपासून जुळवायचं काम माहीत असल्यामुळे दोन-तीन गोष्टी दुरुस्त करतो.

धक्का स्टार्ट: चांगलं यंत्र अल्टरनेटरचं व्होल्टेज पाहतं. फुंकल्याशिवाय इंजिन फिरलं की "विनाचाचणी सुरू" अशी वेळेसकट नोंद होते. गाडी सुरू होईल, पण पुढच्या तपासणीत ते उघडं पडेल. कुलूप फोडता येतं, नोंद पुसता येत नाही.

ऊन: हँडसेट निघतो, घरी नेता येतो. फ्युएल सेल (यंत्रातला अल्कोहोल ओळखणारा सेन्सर) कोरड्या उन्हाने सुकतो आणि हळूहळू कमी दाखवायला लागतो, हे खरं. म्हणून तर दर 30 ते 60 दिवसांनी कॅलिब्रेशन असतं. ठरलेल्या प्रमाणाचं इथेनॉलचं पाणी 34 अंशांवर ठेवायचं, त्यातून हवा फुंकून यंत्राचा आकडा जुळवायचा. या उपकरणाला सिम्युलेटर म्हणतात. आपल्याकडे उन्हाळ्यात 30 दिवसच ठेवावे लागतील.

स्वस्तातलं सेमिकंडक्टर सेन्सरचं यंत्र मात्र कोणी घेऊ नये. ते पेट्रोलच्या वासाला, मधुमेह बिघडलेल्या माणसाच्या श्वासातल्या अॅसिटोनलाही भुलतं. फ्युएल सेल अॅसिटोनला जवळपास दाद देत नाही.

आणि आपल्याकडची खास अडचण कोणी बोललंच नाही, ती खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची. तोंडात खर्रा ठेवून फुंकलं की लाळ आणि सुपारीचा चुरा नळीत जातो, लाळ अडवायची जागा भरते आणि यंत्र "नमुना अपुरा" म्हणतं. साधारण सव्वा ते दीड लिटर श्वास एका दमात लागतो. चूळ भरून फुंकायचं आणि नळी रोज धुवायची. होमिओपॅथीचं टिंक्चर किंवा माउथवॉश घेतलं असेल तर पंधरा मिनिटं थांबायचं. तोंडातला अल्कोहोल तोवर उडतो, रक्तातला उडत नाही.

कोर्टकचेरी, कारंजा

सगळे यंत्रावर बोलत आहेत. आधी दोषी तर ठरला पाहिजे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 मध्ये मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पुढच्या वेळी 15,000 किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. हा गुन्हा रस्त्यावर पावती फाडून मिटत नाही, कोर्टात जावंच लागतं. अटक केली तर दोन तासांत वैद्यकीय तपासणी, नाहीतर कोठडीतून सोडावं लागतं. रात्री अकराला एटापल्लीच्या रस्त्यावर पकडलेल्याला दोन तासांत डॉक्टरसमोर उभं करायचं म्हणजे काय, ते विचार करा.

रक्त घेताना कातडी स्पिरिटने पुसली की बचाव पक्षाला आयताच मुद्दा मिळतो. बाटलीत नमुना टिकवणारं सोडियम फ्लोराइड नसलं तर नागपूर किंवा अमरावतीच्या प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत नमुना बिघडतो. सील आणि पंचनाम्याची वेळ जुळली नाही तर आरोपी सुटतो.

मुख्य म्हणजे, मोटार वाहन कायद्यात इंटरलॉकचा आदेश द्यायची तरतूदच नाही. मॅजिस्ट्रेट मनाने तो देऊ शकत नाही. मूळ रचनेत बदल करायला कलम 52 आडवं येतं. आज हाती आहे ते कलम 206 चं पोटकलम 4: पोलिस लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवतात, आरटीओ कलम 19 खाली ते निलंबित करतं, आणि उजळणी प्रशिक्षण पूर्ण केल्याशिवाय ते परत मिळत नाही. एवढं जरी सगळीकडे झालं तरी खूप आहे.

पुलगावकर

मूळ दुखण्यावर कोणी बोलायलाच तयार नाही. वर्धा जिल्ह्यात 1970 च्या दशकापासून दारूबंदी, गडचिरोलीत 1993 पासून. पिणारा थांबला का? तो पूल ओलांडून जातो. आमच्याकडून वर्धा नदी पार केली की अमरावती जिल्हा, देवळीकडून यवतमाळ जिल्हा. जाताना शुद्धीत, येताना पिऊन, तेही रात्री, दुचाकीवर, हेल्मेटशिवाय. जो घराजवळ पिऊन चालत गेला असता तो वीस-पंचवीस किलोमीटर गाडी चालवतो. दारूबंदीनेच हे चालक तयार केले. बंदी उठवा, निम्मा प्रश्न मिटेल.

सावलीची लेक

पुलगावकर दादा, "निम्मा प्रश्न मिटेल" हे कोणत्या आधारावर लिहिलं? आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात 1 एप्रिल 2015 ला बंदी आली आणि 2021 मध्ये उठली. उठल्यावर रस्त्यावरचे पिणारे कमी झाले असं आमच्या तालुक्यात एक बाई तुम्हाला सांगणार नाही. ती बंदी सरकारने सहज दिली नव्हती. चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत बाया पायी चालत गेल्या होत्या. गावोगाव ग्रामपंचायतींचे ठराव करून घेतले त्या बायांनी. तुम्हाला त्यात फक्त वाहतुकीची अडचण दिसते. घरात मार खाणारी बाई कोणत्या कलमात मोजता?

पुलगावकर

घरातल्या माराचा विषय मी काढला नाही. तो तुम्ही माझ्या तोंडी घालू नका. मी रस्त्यावर मरणाऱ्यांबद्दल बोलतोय. सुप्रीम कोर्टानेही डिसेंबर 2016 मध्ये महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारू दुकान नको म्हटलं. पुढे 20,000 पर्यंत लोकसंख्येच्या भागात ते अंतर 220 मीटरवर आणलं. दुकान कुठे आहे यावर गाडी चालवणं अवलंबून असतं, हे कोर्टालाही पटलं होतं.

सावलीची लेक

मग त्याच न्यायाने दुकान लांब ठेवणंच बरोबर ठरतं, उघडणं नाही. तुमच्याच उदाहरणाने तुमचा मुद्दा पडतो. एक मानते: पुलापलीकडून रात्री परत येणारे आहेत. त्याला उपाय म्हणून पुलावर नाका लावा आणि फुंकायला लावा. बायांनी मिळवलेली बंदी का मोडायची?

कोर्टकचेरी, कारंजा

पुलावरचा नाका हे या धाग्यातलं सर्वांत सोपं काम आहे. रस्ता एकच, वेळ ठरलेली, आणि तिथून जवळचं ग्रामीण रुग्णालय आधीच ठरवून ठेवता येतं. दोन तासांची अडचणही सुटते.

मॅग्नेट कॉइल, आर्णी

नाका पहाटेही लावा. "रात्री घेतली, सकाळी उतरली" म्हणणाऱ्यांसाठी हिशोब देतो. एक क्वार्टर म्हणजे 180 मिली, 42.8 टक्के, शुद्ध अल्कोहोल सुमारे 60 ग्रॅम. 60 किलोच्या माणसाच्या रक्तात त्याने 100 मिलीला 150 मिलिग्रॅमच्या आसपास चढू शकतं. शरीर तासाला साधारण 15 उतरवतं. 30 वर यायला आठ तास. रात्री दहाला संपवलेली क्वार्टर सकाळी सहाच्या स्कूल व्हॅनमध्ये अजून हजर असते. आंघोळ, चहा, लिंबू, कशानेही तो वेग वाढत नाही. मोहाच्या दारूचं प्रमाण तर भट्टीगणिक बदलतं, तिथे हा हिशोबसुद्धा लावता येत नाही.

आणि हो, हे लिहिताना काळी-पिवळीवाल्या भाऊंचा मुद्दा मला मानावा लागतो. स्कूल व्हॅनला कुलूप हवं. तिथे किक नाही आणि गाडी रोज त्याच वेळी निघते. पण एवढंच मान्य. दुचाकीवाल्या दोषी माणसाला यंत्र नको, लायसन्सचं निलंबन हवं, आणि ते सारथीवर (लायसन्सच्या सरकारी पोर्टलवर) लगेच दिसलं पाहिजे.

काळी-पिवळी स्टँड, पांढरकवडा

लायसन्स नसताना तो गाडी चालवणार नाही असं समजता का तुम्ही? गावात निम्म्यांकडे लायसन्सच नसतं. भावाची गाडी घेतो आणि निघतो.

मॅग्नेट कॉइल, आर्णी

भावाची गाडी इंटरलॉक असतानाही घेता येते. तोच तर माझा पहिल्यापासूनचा मुद्दा आहे.

सिम्युलेटर 34, अमरावती

स्कूल व्हॅनवर एकमत होत असेल तर पुढचं ठरवा. सिरोंच्याचा व्हॅनवाला कॅलिब्रेशनसाठी दोनशे किलोमीटरच्या आसपास गडचिरोलीला येणार नाही. आरटीओचं तालुक्याचं शिबिर होतं, तिथेच सिम्युलेटर न्यावा. वीज गेली तर पाणी 34 वर टिकत नाही, म्हणून सोबत ड्राय गॅसचा (ठरलेल्या प्रमाणात अल्कोहोल मिसळलेल्या कोरड्या वायूचा) सिलिंडर ठेवावा. त्याला तापमान नाही लागत, फक्त हवेच्या दाबाची दुरुस्ती करावी लागते. शिबिर पावसात रद्द झालं तर यंत्राने लगेच गाडी अडवू नये, सात दिवसांची मुदत आधीच भरून ठेवावी. नाहीतर पर्लकोटेला पूर आला की भामरागडची व्हॅन दारू न पिताच उभी राहील, आणि पुढच्या आठवड्यात ते यंत्र खोक्यात पडलेलं सापडेल.

सावलीची लेक

नळी कोण धुणार तेही लिहून ठेवा. खर्ऱ्याची ती नळी व्हॅनमध्ये मुलांच्या हाताला लागते.