छतावरचा रॅक आणि दमलेले हात

कारवर सायकली लादून न्यायच्या तर ‘छतावरचा रॅक सगळ्यात भक्कम’ असं म्हणतात. भक्कम असतो, मान्य. पण दिवसभर पेडल मारून आल्यावर तीच सायकल डोक्याच्या वर उचलायची आहे, हे घेताना कुणाच्या लक्षात येत नाही. शिवाय वर सायकली आहेत हे विसरून बेसमेंट पार्किंगमध्ये शिरणारे असतात. (एकदा तो महाभाग मीच होतो. वॉचमन ओरडला म्हणून वाचलो.)

डिकीला पट्ट्यांनी बांधायचा रॅक अधूनमधून वापरायला ठीक. पट्ट्या सुरुवातीच्या वीस-तीस किलोमीटरमध्ये सैल पडतात, तेव्हा थांबून पुन्हा आवळा. रबरी पॅड टेकतात तिथला पत्रा आधी ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर खाली अडकलेली माती वाटभर रंग घासत राहते. डिकीच्या वरच्या कडेला स्पॉयलर (पंखासारखी पट्टी) असेल तर हा रॅक बसतो का, ते आधीच बघा.

लांबचा प्रवास नेहमीचा असेल तर माझं मत हिचवर (गाडीच्या मागे खाली ट्रेलर ओढायला असतो तो जोड) बसणाऱ्या प्लॅटफॉर्म रॅकला. सायकल चाकांवर उभी राहते. सायकलची फ्रेम कार्बन फायबरची असेल तर चाकाला धरणाराच घ्या, फ्रेम आवळणारा क्लॅम्प नकोच. ई-बाइक सहज २०-२५ किलोची असते, म्हणून एका सायकलीमागे किती वजन चालतं ते बघा आणि बॅटरी काढून गाडीत ठेवा.

आणि हो, मागचे दिवे, नंबरप्लेट झाकली जात नाही ना?