दुसरं मूल रडलं की आमचा मुलगा हसतो, काय करावं?

पारिजातक
मुलगा पाच वर्षांचा, सीनियर केजीत आहे. सोसायटीच्या आवारात खेळताना कुणी पडलं, रडायला लागलं की हा हसतो. कधी कधी धक्का यानेच दिलेला असतो. "सॉरी म्हण" म्हटलं की मोठ्याने "सॉरी!" ओरडतो आणि पळून जातो. घरात दोन मतं आहेत. आजी म्हणतात, त्यालाही एकदा तसाच धक्का द्या म्हणजे कळेल. बाबा म्हणतात, लहान आहे, आपोआप येईल. मला दोन्ही पटत नाही. एरवी प्रेमळ आहे, धाकट्या बहिणीला आपल्या वाटणीचा खाऊ देतो. त्या क्षणी नेमकं काय बोलायचं आणि घरी रोज काय करायचं, हे सांगाल का?

बालवाडीताई
आधी हसण्याबद्दल. या वयात हसणं म्हणजे मजा वाटणं असंच नसतं. समोरचं मूल किंचाळतंय, मोठी माणसं धावत येताहेत, आपण सापडलोय, या ताणातून मुलं खूपदा हसतात. त्यात कार्टूनमध्ये आपटणारं पात्र लगेच उठून उभं राहतं, तेव्हा पडणं गमतीचंच दिसतं. मुद्दाम खोडी काढणारं मूल ओळखायला एक खूण आहे: ते रडणाऱ्याकडे बघत तीच गोष्ट पुन्हा करतं आणि मोठं माणूस दिसलं की थांबतं. तसं नसेल तर "निर्दयी आहेस का?" वगैरे अजिबात बोलू नका. लाज वाटली की मुलाचं सगळं लक्ष स्वतःवर जातं, आणि आपल्याला ते दुसऱ्याकडे न्यायचंय.

आता त्या क्षणाचं. सगळ्यात आधी लागलेल्या मुलाकडे जा, तुमच्या मुलाकडे नाही. हसणाऱ्याला रागवण्यात पहिला मिनिट गेला, तर त्या प्रसंगात महत्त्वाचा कोण हे तो चुकीचं शिकतो. मग गुडघ्यावर बसा, त्याला शेजारी घ्या आणि जे दिसतंय तेवढंच सांगा: "बघ, त्याचं कोपर खरचटलंय. ओठ थरथरतोय. त्याला दुखतंय." धक्का यानेच दिला असेल तर कारण एका वाक्यात: "तू ढकललंस, म्हणून तो पडला." एवढंच. पाचव्या वाक्यापर्यंत मूल ऐकत नसतं.

त्यानंतर भरपाई. "सॉरी"पेक्षा हातांना काम द्या. पाणी आणायचं, रुमाल ओला करून आणायचा, पडलेली चप्पल उचलून द्यायची. पण काय हवंय ते लागलेल्या मुलालाच विचारायला लावा. १९९७ साली रेपाचोली आणि गॉपनिक या मानसशास्त्रज्ञांनी अगदी लहान मुलांसमोर एक प्रयोग केला. प्रयोग घेणाऱ्या बाईंनी चेहऱ्यावरून दाखवलं की मला ब्रोकोली आवडते, बिस्किटं आवडत नाहीत, आणि मग हात पुढे केला. चौदा महिन्यांच्या मुलांनी स्वतःच्या आवडीची बिस्किटंच दिली, अठरा महिन्यांच्या मुलांनी ब्रोकोली दिली. दुसऱ्याला वेगळं हवं असू शकतं हे इतक्या लवकर कळू लागतं, पण गडबडीत पाच वर्षांचं मूलही ते विसरतं आणि स्वतःला आवडते म्हणून रडणाऱ्याला मिठी मारायला जातं. त्या मुलाने "जवळ येऊ नकोस" म्हटलं तर तेही मानायचं. लांब उभं राहणं हीसुद्धा मदतच आहे, तसं मुलाला सांगा.

आजींच्या उपायाबद्दल: धक्का बसलेलं मूल स्वतःच्या दुखण्यात आणि तुमच्यावरच्या रागात बुडतं, समोरच्याचा विचार करायला त्याच्याकडे जागाच उरत नाही. चावणाऱ्याला चावून दाखवतात, त्याचंही हेच होतं. बाबांचं अर्धं खरं आहे. क्षमता येते, पण ती वापरायची सवय लावावी लागते.

चिंचबोरं
ताईंशी सहमत. एक गोष्ट आपल्या घराघरात चुकते, ती लिहिते. मूल पडलं की आपण म्हणतो, "काही नाही झालं, मुंगी मेली बघ!" किंवा जमिनीला चापट मारून, "हात रे, बाळाला लागलं का?" पहिल्यात मुलाचं दुखणं नाकारलं जातं, दुसऱ्यात लागलं की कुणाला तरी मारायचं हे शिकवलं जातं. ज्याच्या दुखण्याला घरात कुणी नाव दिलं नाही, त्याने दुसऱ्याचं दुखणं ओळखायचं कसं? "लागलं ना? कुठे? झोंबतंय की ठणकतंय?" एवढं विचारा आणि थांबा.

भावनांचे शब्द वाढवा. बहुतेक मुलांकडे "राग" आणि "वाईट" एवढे दोनच असतात. हिरमुसणं, ओशाळणं, रुसणं, घाबरणं, हेवा, कंटाळा हे प्रसंगासकट वापरा. चित्रांचं पुस्तक वाचताना मजकूर बाजूला ठेवून एकाच चित्रावर दोन-तीन मिनिटं थांबा: "हिला काय वाटतंय? कशावरून?" दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. भुवया, खांदे, हात कुठे आहेत, हे मूल तिथे बघायला शिकतं. तुम्ही उत्तर सांगून टाकलंत तर व्यायाम तुमचाच होतो.

पारिजातक
"तुला कुणी असं ढकललं तर कसं वाटेल?" असं मी विचारते. तो "मी पण ढकलेन" म्हणतो. आणि चांगलं वागला की आम्ही फ्रिजवर स्टार लावतो, ते चालू ठेवू का?

बालवाडीताई
तो प्रश्न भांडणाच्या मध्यात विचारू नका. घडलेलं नाही ते कल्पायचं आणि मग ते दुसऱ्याला लावायचं, अशा दोन उड्या आहेत त्यात, आणि मूल त्या वेळी चिडलेलं असतं. रात्री अंथरुणावर, शांत असताना, त्याची स्वतःची आठवण काढा: "मागे झोपाळ्यावरून पडलास तेव्हा कुणी काय केलेलं बरं वाटलं होतं?" दोन मिनिटं पुरतात.

स्टार बंद करा. वार्नेकन आणि टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली वीस महिन्यांच्या मुलांवर पाहिलं की मदतीबद्दल खेळणं मिळालेली मुलं पुढे कमी मदत करतात. कौतुकाच्या शब्दांनी तशी घट झाली नाही. म्हणून परिणाम दाखवा: "तू पाणी दिलंस, आणि त्याचं रडणं थांबलं."

ओवी
टोरांटोत १९९६ पासून मेरी गॉर्डन यांचा एक शालेय उपक्रम चालतो. दोन ते चार महिन्यांचं बाळ आणि त्याचे आईबाबा वर्षभरात नऊ वेळा वर्गात येतात. मुलं गोल बसून बघतात, ते का रडतंय, काय बघून हसतंय, मागच्या वेळेपेक्षा नवीन काय करतंय. बाळाला बोलता येत नाही, त्यामुळे अंदाज बांधावाच लागतो. शेजारी तान्हं बाळ असेल तर त्यांना विचारून तीन आठवड्यांनी एकदा वीस मिनिटं जा. हात धुवायचे, उचलायचं नाही, तोंडाला हात लावायचा नाही. अंदाज चुकला तर चुकू द्या, बाळाची आई सांगेलच.

आणि घरकामाच्या मावशींशी, वॉचमनकाकांशी आपण कसं बोलतो, ते मूल रोज ऐकतं. त्यांना पाणी नेऊन देणं हे त्याचं काम असू दे. सकाळी घाईत त्याच्यावर उगाच ओरडलात तर संध्याकाळी त्याची माफी मागा, कारणासकट. "सॉरी" कसं म्हणतात हे त्याला आणखी कुठे बघायला मिळणार?

डॉ_वाटसरू
तज्ज्ञांकडे कधी जायचं, ते सांगतो. नावाने हाक मारल्यावर न बघणं, खोटंखोटं न खेळणं, बोलणं मागे असणं हे सोबत असेल, किंवा लपूनछपून प्राण्यांना वारंवार इजा करत असेल तर. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला दुसऱ्याबद्दल काही वाटत नाही हा गैरसमज आहे. चेहऱ्यावरच्या खुणा वाचणं त्याला अवघड जातं, आणि खुणा उघड सांगितल्या की मदत होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांची तपासणी होते आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची सोय आहे. बहिणीला खाऊ देणारा, एवढ्या वर्णनातला मुलगा मात्र काळजीचा वाटत नाही. मूल अचानक बदललं असेल तर शाळेत त्याला कुणी मारत-चिडवत नाही ना, ते आधी बघा.

पारिजातक
खूप आभार सगळ्यांचे. खाली खेळायला जाण्याआधी त्याला काही सांगून ठेवावं का?

बालवाडीताई
हो, पण सूचना नको, प्रश्न विचारा: "आज कुणी पडलं तर तू काय आणशील?" तो पाणी म्हणाला तर बाटली त्याच्याच खांद्यावर द्या. पहिल्या काही वेळा तो आधी हसेल आणि मग बाटली नेईल. त्या हसण्याबद्दल काही बोलू नका.