तीन वर्षं ब्लॅक मेज खेळून आता टँक घेतलाय, ऑरम व्हेलमध्ये दोनदा वाइप, सल्ला हवा

समेळवाला_डिचोली

नमस्कार मंडळी. फायनल फँटसी चौदा हा ऑनलाइन गेम, युरोपचा सर्व्हर. तीन वर्षं मी फक्त ब्लॅक मेज, म्हणजे लांबून मारणारा जादूगार, खेळलो. मागे उभं राहायचं, आग-बर्फाचा हिशोब सांभाळायचा, जमिनीवर वाराची खूण उमटली की दोन पावलं सरकायचं. टँक, म्हणजे पुढे उभा राहून सगळ्यांचा मार अंगावर घेणारा, काय करतो याकडे कधी लक्षच गेलं नाही.

आमची चौघांची पार्टी. टँक होता माझा मावसभाऊ. जूनमध्ये तो बोटीवर गेला, आता नऊ महिने समुद्रात. जाताना म्हणाला, "कुऱ्हाड तू घे, तुला जमेल." म्हणून मॅरॉडर हा कुऱ्हाडवाला टँक घेतला, तिसाव्या लेव्हलला वॉरियर झालो, आता सत्तेचाळीसला आहे. कथेतली डंजन्स (शत्रूंनी भरलेल्या जागा) ड्युटी सपोर्टवर, म्हणजे गेममधल्याच पात्रांना सोबत घेऊन केली. तिथे काही अडलं नाही.

परवा धीर करून एकट्यानेच ऑरम व्हेल या डंजनसाठी अनोळखी खेळाडूंसोबत जायला क्यू लावला. डीपीएस (नुसता मार देणारा) म्हणून वीस-वीस मिनिटं ताटकळायची सवय, इथे मिनिटभरात आत. पहिल्याच खोलीत मॉब, म्हणजे किरकोळ शत्रू, इतके दाटीने उभे की एकाला छेडावं तर शेजारचे दोन घोळके अंगावर येतात. मी सरळ मधोमध गेलो. घाबरून रॅम्पार्ट, व्हेंजन्स, थ्रिल ऑफ बॅटल ही बचावाची कौशल्यं, सगळं एका दमात दाबलं. वीस सेकंदांत हातात काहीच उरलं नाही. मी पडलो, मग जीव भरून देणारा हीलर, मग बाकीचे दोघे, म्हणजे वाइप. दुसऱ्यांदाही तेच. कोणी एक शब्द बोललं नाही. 'सॉरी' लिहून मी बाहेर पडलो. त्या तिघांना तिथेच सोडून आलो, ते मनाला लागलंय.

कूलडाउन (एकदा वापरले की काही वेळ बंद राहणारी ही कौशल्यं) कुठल्या क्रमाने वापरायचे? नजर कुठे ठेवायची? आणि एक खरी अडचण: पावसात आमच्याकडे वीज जाते. डीपीएस मधेच गेला तर बाकीचे निभावून नेतात, टँक गेला तर सगळेच मरतात. अशा माणसाने टँक घ्यावा का?

फोंड्याची_ढाल

घ्यावा. मी सहा वर्षं वॉरियर खेळतोय, ऑरम व्हेलची पहिली खोली माझ्याही अंगावर आली होती.

चूक फक्त एकदम दाबण्यात झाली. रॅम्पार्ट 20 टक्के मार कमी करतो, 20 सेकंद. व्हेंजन्स 30 टक्के, 15 सेकंद. दोन्ही एकत्र लावले म्हणून 50 टक्के होत नाहीत, 44 होतात. नंतर दीड-दोन मिनिटं हात रिकामे. सगळे मॉब जिवंत असतात तेव्हाच मार सर्वांत जास्त, म्हणून आधी व्हेंजन्स. ते उतरत आलं की रॅम्पार्ट. तोवर निम्मे मेलेले असतात. तिसऱ्या घोळक्याला आर्म्स लेंग्थ. बरेच जण ते फक्त ढकलले जाऊ नये म्हणून ठेवतात, पण ते चालू असताना जो मॉब तुम्हाला मारेल त्याचे वार 15 सेकंद 20 टक्के संथ होतात. होल्मगँग अगदी शेवटी: दहा सेकंद जीव एका पॉइंटाच्या खाली जात नाही, पण संपायच्या आत हीलरला भरून काढावं लागतं.

त्या खोलीत मधून जाऊच नका. भिंतीला धरून चला, टॉमहॉक फेकून एकच घोळका मागे ओढा. मॉबचं लक्ष तुमच्यावर ठेवणारं डिफायन्स चालू आहे ना ते आत गेल्यागेल्या बघा. मग घोळक्यावरचे वार: ओव्हरपॉवर, मिथ्रिल टेम्पेस्ट, परत ओव्हरपॉवर. मेलेला मॉब मारत नाही, त्यामुळे तुमचा डॅमेजही बचावच आहे.

गोव्यातून युरोपला माझा पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) दीडशे मिलिसेकंदांच्या वर असतो. वार लागणार की नाही ते शत्रूचा कास्ट बार (वाराची तयारी दाखवणारी पट्टी) भरतो त्या क्षणी ठरतं, स्फोट नंतर दिसतो. म्हणून बार भरायच्या आधीच बाहेर पडा.

म्हापशाची_व्हाइट_मेज

समेळवाले दादा, हीलरच्या बाजूने सांगते. मला टँक शूर नसला तरी चालतो, एका जागी उभा राहिलेला हवा. टँक गोल गोल पळाला की माझं कास्ट चालू असतानाच तो टप्प्याबाहेर जातो, आणि मॉब पांगतात. सगळे एका जागी गोळा केलेत तर पंचेचाळिसाव्या लेव्हलपासून माझ्याकडे होली ही घोळक्यावरची जादू आहे. पहिल्या होलीला सगळे चार सेकंद सुन्न. त्या चार सेकंदांत कूलडाउन घालवू नका, माझी होली ओसरली की लावा.

आत गेल्यावर 'नवीन टँक' एवढं लिहा. आणि गप्प बसलेला माणूस रागावलेलाच असतो असं नाही. दुसऱ्या वाइपनंतर मीही बऱ्याचदा गप्पच असते, कारण मी पुढच्या वेळी काय बदलायचं ते ठरवत असते. तुम्ही थांबायला हवं होतं.

वाळपईकर

विजेचं: राउटरला छोटा यूपीएस लावा, आणि लॅपटॉप असेल तर तो चार्ज करून बसा. आमच्याकडे सत्तरीत जुलै-ऑगस्ट मी असाच काढतो. गडगडायला लागलं की नवीन डंजन सुरू करत नाही, बस.

आणखी एक. तीन वर्षं ब्लॅक मेज होतात ना? टँकच्या कुठल्या गोष्टीने तुमचा जीव वर-खाली व्हायचा ते आठवा.

समेळवाला_डिचोली

वाळपईकर बाब, लगेच आठवलं. मी ले लाइन्स (आत उभं राहिलं की जादू झपाट्याने होते ते जमिनीवरचं वर्तुळ) टाकून उभा राहायचो आणि टँक बॉसला ओढत लांब न्यायचा.

काल रात्री घरच्या दोघांना घेऊन परत गेलो, हीलर अनोळखी. 'नवीन टँक' लिहिलं, त्याने नुसतं 'ओके' म्हटलं. भिंतीने गेलो. एक घोळका, मग एक घोळका. व्हेंजन्स, नंतर रॅम्पार्ट. एकदा जीव अगदी तळाला गेला, होल्मगँग लावलं, हीलरने वर आणला.

चतुर्थीला आमच्या वाड्यावर आरतीला मी समेळ, म्हणजे काठीने वाजवायचं तालवाद्य, वाजवतो. घुमटं (मातीची तालवाद्यं) कितीही असली तरी सगळ्यांचे कान समेळाच्या काठीकडे. मी घाई केली की सगळी आरती धावते. काल तिसऱ्या घोळक्याला मुद्दाम थांबलो, हीलरची माना (जादूची शक्ती) भरू दिली, मगच टॉमहॉक फेकला. मागचे तिघे न सांगता थांबले होते.

शेवटच्या बॉसला एकदा वाइप झाला. या वेळी बाहेर पडलो नाही. दुसऱ्या वेळी झालं.

ताई, तुमचं ते शेवटचं वाक्य पटलं. परवाच्या तिघांची नावं मला ठाऊक नाहीत, नाहीतर त्यांना लिहिलं असतं. देव बरें करूं.